तिनं लावलेली तीट

वाशिमच्या दवाखान्यात बाकड्यावर माह्या बाजूले एक बुढी बसली व्हती. मोतीबिंदूनं मले नुसतं धुकं दिसे, म्हून तिचं तोंड काई दिसलं नाई, लाल लुगडं तेवढं दिसलं. मले लहानपनापासून सुगर. डॉक्टर म्हने, सुगरवाल्याचा डोळा सुजते, म्हून ऑपरेशनातच आत औषधाचा बारीक दाना ठेवू, तो हळूहळू इरघळते. मी त्या बुढीलेच इचारलं, दाना टोचला तं? डोळाच गेला तं माह्या लेकराचं तोंड मी कदी पाहू?

बुढी हसली. "अवं पोरी, माह्या बी डोळ्यात ठेवला. पेरलेला दाना मातीले टोचते काय वं?"

मंग तिनं माह्याजवळचं लेकरू आपल्या मांडीवर घेतलं. "आन हे काय! तीट गालावर लावतेत का नाकावर?" तिनं पदरानं पुसली, माह्याच डबीतलं काजळ घेऊन नवी लावली. तेवढ्यात मले आत नेलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तं बाकडं रिकामं व्हतं. बुढीचं तोंड पाह्याचं राहूनच गेलं. नवऱ्यानं लेकरू जवळ आनलं. गालावरची तिची तीट जराशी पसरली व्हती, पन मले साफ दिसली.