कोरा म्हणायचं राहून गेलं

कल्पना करा, तुमच्यासमोर प्रवेश परीक्षेची एक रिकामी उत्तरपत्रिका आहे. शंभर प्रश्न, प्रत्येकापुढे चार गोल, अ ब क ड. तुमच्या हातात काळं पेन. टेबलापलीकडे एक माणूस बसलाय आणि त्याच्या हातात कुणा परीक्षार्थीची खरी उत्तरपत्रिका आहे. ती भिजलीय, नाहीतर चुरगळलीय, नाहीतर कोपरा फाटलाय, म्हणून मशीन ती घेत नाही. तो वाचणार आणि तुम्ही गोल भरणार. मग तुम्ही भरलेली प्रत मशीनमध्ये जाणार आणि तिच्यावरून गुण ठरणार. खरी पत्रिका पोत्यात जाणार. ती तुमच्या नजरेस पडत नाही. पडू द्यायची नाही असा नियमच आहे. तुम्ही फक्त ऐकायचं. “ब. ड. ड. अ. क.” एका पत्रिकेला चार मिनिटं. भिंतीवर घड्याळ. आणि चुकायचं नाही.

गोळेकाकूंना हे काम अठरा वर्षं जमत होतं. त्यांचं आडनाव गोळे नव्हतं. दर हंगामात परीक्षा कार्यालयात रोजंदारीवर गोल भरायला यायच्या, म्हणून पडलेलं नाव. त्या गोल भरायच्या ते मधून बाहेर, गोगलगायीच्या शंखासारखे फिरवत. काठ सोडून एक रेघ बाहेर जायची नाही. समोर वाचायला असायचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेलाही दचकून उठेल. दोघांची जोडी अकरा वर्षांची.

मास्तर वाचायचे ते आकड्यासकट. “तेरा, ब. चौदा, कोरा. पंधरा, ड.” चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे हुशार मुलं खात्री नसलेले प्रश्न सोडून देतात. म्हणून “कोरा” हाही शब्द “अ” किंवा “ब” इतकाच महत्त्वाचा. एका पत्रिकेला सात मिनिटं लागायची.

मग नवे साहेब आले. तरुण, घाईचे, खिशात स्टॉपवॉच. दोन दिवस दाराशी उभं राहून त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “आकडे कशाला वाचता? भरणारा क्रमानेच भरतोय ना? नुसती अक्षरं वाचा. चार मिनिटांत झालं पाहिजे.”

गेल्या हंगामाच्या शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी हे करून पाहिलं. यंदा तोच नियम झाला. मास्तर गाडी सुटल्यासारखे वाचू लागले आणि काकू मागे धावत भरू लागल्या. पत्रिका आता शंभरपर्यंत पोचायच्या आधीच संपायच्या, शेवटच्या तीनचार प्रश्नांचे गोल रिकामे राहायचे. काकू हळहळायच्या. “यंदा पोरांना वेळ पुरला नाही वाटतं, मास्तर.”

“पेपर लांब असेल,” मास्तर पान उलटत म्हणायचे.

हंगाम नसला की काकू कार्यालयाच्या शेजारच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानात बसायच्या. प्रती काढायच्या, लोकांचे अर्ज भरून द्यायच्या. निकाल लागल्यावर तिथे रडवेल्या चेहऱ्यांची रांग लागते. एका मंगळवारी सकाळी एक मुलगी आली. पाठीवर सॅक, हातात चार कागद, आणि चेहरा रडवेला नव्हे, संतापलेला.

“काकू, या सगळ्याच्या दोन-दोन प्रती. हा कागद मोठा करून द्या. निकालासोबत माझी उत्तरपत्रिका म्हणून मिळालाय, पण हा माझा नाहीये.”

“तुझा नाही तर माझ्याकडे कशाला आणलास?”

“नाव माझं आहे, नंबर माझा आहे. पेपर माझा नाही. माझी पाण्याची बाटली कलंडली होती परीक्षेत, कागद भिजला होता. हा बघा, कसा कोरडा ठणठणीत. शिवाय असे गोल मी भरतच नाही. मी आडव्या रेघा मारते.”

काकूंनी कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, आणि मोठी झालेली प्रत बाहेर आली. टेबलाएवढ्या कागदावर गोगलगायीचे शंख ओळीने बसले होते.

“गुण किती?” काकूंनी विचारलं.

“अठरा. सत्तरच्या पुढे यायला हवे होते. मी तीन प्रश्न सोडले होते, चौदावा, चाळिसावा आणि त्रेसष्टावा. मला पक्कं आठवतंय. यात तिन्ही भरलेत, आणि शेवटचे तीन रिकामे.”

काकूंनी चौदाव्या प्रश्नावर बोट ठेवलं. पोरांना वेळ पुरला होता. मास्तरांची नजर घाईघाईत काळ्या गोलावरून पुढच्या काळ्या गोलावर उडी मारत होती. मध्ये एखादा प्रश्न कोरा असला की तो म्हणायचाच राहून जात होता. चौदावा सुटला की पंधराव्याचं उत्तर चौदाव्यात, सोळाव्याचं पंधराव्यात, असं शेवटपर्यंत सगळं एक घर वर सरकायचं. आकडा असता तर काकूंनी तिथल्या तिथे टोकलं असतं.

“फेरतपासणी मागितलीस का?”

“मागितली की. उत्तर आलं, ‘उत्तरपत्रिका आणि गुण यांचा मेळ बसतो.’”

“बसणारच! ते माझी प्रत बघतायत, तुझा पेपर नाही.” बोलून गेल्यावर काकूंच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. काकूंनी नजर चुकवली नाही. “हो. हे गोल माझे आहेत. बस. तुला पाणी देते, मग सांगते.”

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता प्रवेशाची यादी कायम होणार होती. यंदा काकूंच्या हातून अशा दोनशे बारा प्रती झाल्या होत्या. आकडा त्यांच्या छोट्या वहीत होता. रोज किती पत्रिका झाल्या ते त्या पहिल्या वर्षापासून लिहून ठेवायच्या.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याचं बोलणं स्क्रू पिळल्यासारखं, थोडं आणि घट्ट.

“बोललीस तर सगळं तुझ्यावर ढकलतील.”

“ढकलू देत.”

“पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.”

“नाहीच बोलावणार.”

त्याने पान्याला फडकं मारलं. “लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की मालक म्हणतो, आतल्या लोकांनीच चुकीचं बटण दाबलं असेल. जा तू. चष्मा पुसून जा. तिथे कागद वाचायला लावतील.”

बुधवारी सकाळी काकू आधी मास्तरांच्या घरी गेल्या. मास्तरांनी कानावर हात ठेवले. “मी कोरा म्हणायचो की हो!”

“म्हणायचात. आकडा होता तोवर.”

मास्तरांनी हात खाली घेतले. काकूंनी बरोबर चला असा आग्रह केला नाही. तिथून त्या मुलीला घेऊन थेट तक्रारीच्या खिडकीवर गेल्या.

“बैठक क्रमांक?” खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

“मी परीक्षा दिलेली नाही.”

“मग तुमची तक्रार कशी असेल? परीक्षार्थी सोडून कुणाचा अर्ज घेता येत नाही.”

“दोनशे बारा पेपर मी लिहिलेत, भाऊ. तुमच्या अख्ख्या यादीत एवढे पेपर कुणी दिले नसतील.”

रांगेत हशा पिकला. कारकुनाने अर्ज परत सरकवला. पण अठरा वर्षांत काकूंना त्या इमारतीची प्रत्येक खिडकी पाठ झाली होती. कोपऱ्यातल्या आवक खिडकीवर येईल तो कागद घ्यावाच लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. तिथल्या बाई अर्ज वाचत नसत, शिक्का मारत. काकूंनी अर्जात सगळं सरळ लिहिलं: चूक कशी झाली, कुणाच्या हाताने झाली, कुठली पोती उघडायला हवीत. बैठक क्रमांकाच्या रकान्यात लिहिलं, “कोरा.” खाली सही. आवकच्या बाईंनी शिक्का मारायला हात उचलला आणि यंदा पहिल्यांदा त्या कागद वाचत थांबल्या. मग दोनदा शिक्का मारला, एक अर्जावर आणि एक काकूंच्या प्रतीवर. इतक्या जोरात की शेजारची टाचणी उडाली.

तासाभरात साहेबांचं बोलावणं आलं. काकू मुलीला घेऊनच आत गेल्या.

“काकू, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय लिहून दिलंय? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. हा तुमचा निष्काळजीपणा ठरेल.”

“ठरू द्या. माझं नाव मोठ्या अक्षरात लिहा. पण पोतं उघडा.”

“एका मुलीच्या आठवणीवर सीलबंद पोतं उघडत नसतात. आणि पद्धतीत काहीही चूक नाही. समोर लक्ष असलं की झालं.”

“मग तुम्ही वाचा,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“ही पोरगी तुमच्यासमोर एक पेपर भरेल. अधूनमधून काही प्रश्न सोडेल. तुम्ही वाचा, मी भरते. तुमचं लक्ष आमच्यापेक्षा चांगलं आहे म्हणता ना?”

साहेब हसले. दार उघडं होतं, बाहेर लोक जमले होते, त्यामुळे नाही म्हणणं त्यांना जड गेलं. त्यांनी वाचलं, सावकाश, प्रत्येक कोऱ्यावर थांबून. एकही चूक नाही. त्यांनी पत्रिका टेबलावर टाकली. “बघा!”

“साडेसहा मिनिटं,” आवकच्या बाई दारातून म्हणाल्या. साहेबांचं स्टॉपवॉच टेबलावरून कधी त्यांच्या हातात गेलं होतं कुणास ठाऊक.

“आता चार मिनिटांत,” काकू म्हणाल्या. “तुमचाच नियम.”

मुलीने दुसरा पेपर भरला. साहेब सुरू झाले. पहिल्या वीसपर्यंत दम होता, चाळीसनंतर आवाज पळायला लागला, सत्तरनंतर तर नुसती अक्षरांची सरबत्ती. ब, अ, अ, ड, क. साहेब थांबले तेव्हा चार मिनिटांना पाच सेकंद बाकी होते. काकूंच्या कागदावर शेवटचे दोन प्रश्न रिकामे होते. मुलीच्या पेपरात शंभराव्या प्रश्नापुढे ठसठशीत रेघा मारलेल्या होत्या.

साहेबांच्या मागून एक खणखणीत आवाज आला. “साहेब, तुम्ही एकतिसावा आणि अठ्ठ्याऐंशीवा गाळलात. मी रोज गाळत होतो.” मास्तर होते. इस्त्रीचा शर्ट घालून, साहेबांच्या खांद्यावरून पेपर दिसेल असे भिंतीला टेकून उभे. कधी आले ते कुणाला कळलंच नाही.

साहेबांचा चेहरा उतरला, पण ते हटले नाहीत. “तरी वरून परवानगी लागेल. नियम आहे.”

“मागा परवानगी,” काकू खुर्चीत नीट टेकून बसल्या. “मी इथेच आहे. गेली अठरा वर्षं दर हंगामात रोज आठ तास इथेच बसलेय, सवय आहे.” मुलगीही सॅक मांडीवर घेऊन शेजारी बसली.

आवकच्या बाईंनी स्टॉपवॉच परत टेबलावर ठेवलं. “साहेब, अर्जावर शिक्का पडलाय. तारखेसकट. यादी लागल्यावर कुणी विचारलं की बुधवारी तुम्हाला माहीत होतं का, तर काय सांगायचं?”

गुरुवारी दुपारी पोती उघडली. पहिलाच कागद निघाला तो भिजून वाळलेला, लाटालाटांचा, आडव्या रेघांचा. शुक्रवारी चार वाजता दोनशे बारापैकी एकशे त्रेचाळीस जणांचे गुण बदलले. मुलीचे एकाहत्तर झाले. ती दुकानात येऊन काकूंना घट्ट मिठी मारून गेली आणि काचेवर स्वतःचे कागद विसरून गेली.

पुढच्या आठवड्यात काकूंना पत्र आलं: निष्काळजीपणामुळे यापुढे कामावर बोलावण्यात येणार नाही. कार्यालयाच्या फलकावर मात्र सूचना होती की काही निकाल “तांत्रिक कारणामुळे” सुधारण्यात आले आहेत. काकूंनी पत्राची झेरॉक्स काढली, फलकाजवळ नेली आणि शिपायाला विचारलं, “तांत्रिक म्हणजे मीच का हो? मग नाव लिहायला लाजता कशाला?”

नवऱ्याला वाटलं, संपलं एकदाचं. संपलं नव्हतं. काकूंनी जुनी वही काढली. गेल्या हंगामाचे शेवटचे दोन दिवस, तोच साहेब, तोच चार मिनिटांचा नियम. तिथे त्यांच्याच अक्षरात आकडा होता, छत्तीस. सहा महिन्यांनी पोती लगद्याच्या कारखान्यात जातात. त्या खऱ्या पत्रिका आता कुठेच नाहीत. पण काकूंच्या प्रतींची चित्रं मशीनच्या पोटात अजून आहेत, आणि त्यांत शेवटचे गोल रिकामे आहेत की नाहीत, एवढं तरी पाहता येतं.

त्यामुळे दर सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, काकू आवक खिडकीवर जातात. अर्ज तोच, तारीख नवी. आवकच्या बाई शिक्का मारतात. आजवर उत्तर आलेलं नाही. साहेब एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “आता काय मिळणार आहे त्यातून, काकू? त्यांचं एक वर्ष गेलंच ना.”

“गेलं, ते मला कळतं,” काकू जिन्याच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या. “मी एवढंच विचारतेय. आपण कमी पडलो असं समजून जी छत्तीस पोरं गप्प घरी बसलीत, त्यांना कुणी कधी सांगणार आहे का, की चूक त्यांची नव्हतीच?”