वसंता मिस्त्रीचा उरलेला डोळा

वर्कशॉपमध्ये रोज झाडू मारला तरी लोखंडाचा चुरा कुठून येतो ते कळत नाही. खिशात निघतो, चपलेत निघतो, एकदा तर भाकरीत निघाला. आमच्याकडच्या किश्शांचंही तसंच आहे. वडूजच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं शेड. उसाच्या ट्रॉल्या, गेट, जिन्याची रेलिंगं करतो. मालक आण्णा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. वेल्डिंगला मी आणि कटिंगला वसंता मिस्त्री. किस्से सगळे वसंताचे, आणि सगळे त्याच्या हातातल्या ग्राइंडरचे, म्हणजे लोखंड कापायच्या-घासायच्या मशीनचे.

वसंताचा डावा डोळा तरुणपणीच ठिणगीनं गेला. आता सगळा संसार उजव्या डोळ्यावर. तो राहावा म्हणून आण्णांचा जीव टांगणीला, आणि ज्याचा डोळा तो गडी मात्र निवांत!

*

आण्णांनी साताऱ्याहून खास कटिंगचा चष्मा आणला. भारीतला, बाजूनंही बंद. वसंतानं त्यावर फुंकर मारली, शर्टाला पुसला आणि डबीत ठेवला. रविवारी तोच चष्मा घालून तो मोटरसायकलवरून म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला चाललेला दिसला. सोमवारी परत बिनचष्म्याचं कटिंग सुरू.

आण्णांनी जाब विचारला, तर म्हणाला, "आवं आण्णा, हितं घातला तर काचंला चरं पडत्याल की."

*

मग ठिणग्या उडतात तेव्हा करतोस काय, असं आण्णांनी एकदा विचारलं. त्यानं करूनच दाखवलं. खूण बघायची, मशीन टेकवायचं, तोंड फिरवायचं आणि डोळा गच्च मिटायचा.

अरे, मग कुठं कापतोयस ते तुला दिसतं कसं?

"हाताला कळतंय."

आण्णांनी तणतणत टेप लावून बघितला. सूतभरसुद्धा फरक नव्हता. आण्णा टेप खिशात कोंबून खुर्चीत जाऊन बसले. कट चुकला असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

*

कापणारी डिस्क फिरता फिरता फुटली तर तुकडा अंगावर येऊ नये म्हणून ग्राइंडरला अर्धगोल पत्र्याचं गार्ड असतं. त्यानं मशीन कोपऱ्यात शिरत नाही म्हणून मिस्त्री लोक ते पहिल्याच दिवशी काढून टाकतात. एकदा आण्णांनी फौजी आवाजात हुकूम सोडला, की सगळी गार्डं आत्ताच्या आत्ता परत बसली पाहिजेत.

शोधाशोध झाली. गार्डं सापडली पाण्याच्या माठाखाली. माठ हलायचा, म्हणून वसंतानं दोन गार्डं समोरासमोर ठेवून त्याची झकास बैठक केली होती.

बसवतो की, वसंता म्हणाला, पण मग माठ फुटला तर मला बोलायचं न्हाई. दिवस चैत्राचे होते आणि आण्णांना तहान लागली होती. गार्डं तिथंच राहिली.

*

डिस्कच्या मधल्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. आण्णा एका सकाळी वाचायचा चष्मा लावून एकेक डिस्क तपासत बसले आणि मुदत गेलेल्या बाजूला काढू लागले. वसंता शेजारी येऊन बराच वेळ बघत बसला.

"आण्णा, खायच्या हायत का?"

आण्णांनी त्या सगळ्या हातोड्यानं फोडल्या. नुसत्या टाकल्या असत्या तर वसंतानं संध्याकाळी उचलून आणल्या असत्या.

*

मग व्हायचं ते झालं. भर दुपारी एक रेलिंग घासता घासता वसंता मटकन खाली बसला. उजव्या डोळ्यात कण. आमच्या धंद्यात यावर ठरलेला इलाज आहे, जुन्या स्पीकरचा चुंबक. मी पापणी धरली आणि आण्णांनी चुंबक डोळ्यापुढं फिरवला. वरून, खालून, बाजूनं. अर्धा तास. वसंता विचारतोय, आला का? आम्ही म्हणतोय, येईल, हलू नको.

मग माझी नजर रेलिंगवर गेली. काम स्टेनलेस स्टीलचं होतं. त्याचा कण चुंबकाला कसला येतोय! धंद्यात केस पिकलेली आम्ही दोन माणसं, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

साताऱ्याच्या वाटेवर, गाडीत, वसंतानं हळूच विचारलं, "आण्णा, अंधार पडला का?" बाहेर लख्ख ऊन होतं. आण्णा रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिले. मी खोटं सांगतो कशाला, मला रडू आलं.

डॉक्टरांनी कण काढला. डोळा वाचला, पण थोडक्यात. पुढच्या वेळी माझ्याकडं यायची गरज पडणार नाही, एवढंच ते म्हणाले.

*

पट्टी निघाल्यावर वसंता कामावर आला त्या पहिल्याच दिवशी त्याची बायको, सुशीलावहिनी, डबा घेऊन आली. वसंता उकिडवा बसून लोखंडी अँगल कापत होता. ग्राइंडरला गार्ड नाही, चष्मा डबीत, डोळा मिटलेला. वहिनी दारात उभी राहून बघत होती. कटिंग संपलं, वसंता हात धुवायला गेला. वहिनीनं डबा टेबलावर ठेवला, ग्राइंडर उचलला, बटण सरकवलं आणि कापायच्या राहिलेल्या अँगलकडं वळली.

वसंता ओल्या हातांनीच धावत आला. तोंड पांढरंफटक.

"अगं, गार्ड न्हाई त्याला! चष्मा घाल आधी! दोनी हातानं धर, पदर आवर, डिस्कच्या म्होरं उभी ऱ्हाऊ नगंस, बाजूला हो! आन् फिरायची थांबल्याबिगर खाली ठिऊ नगंस!"

आण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. मी हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला.

वहिनीनं बटण बंद केलं. डिस्क फिरायची पूर्ण थांबेपर्यंत मशीन दोन्ही हातांत धरून ठेवलं. मग ते खाली ठेवून प्लग काढला आणि डबा उघडायला घेतला.

"येतंय की सगळं तुमास्नी," ती म्हणाली. "बसा जेवायला."