शेजारचं ताक
ताक जास्त आंबलं आणि त्याचा वास नाकात गेला, की मला इस्लामपूरजवळच्या माझ्या सासरची आळी आठवते. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि शेजारच्या घरी पुन्हा दुभती म्हैस आली होती. ताक कुणी विकत नसे. तांब्या घेऊन जावं आणि भरून आणावं. त्या घरची सून ताक घालायची, आणि घालताना मनगटावरचे चटक्यांचे डाग पदराखाली ओढून घ्यायची. एका सकाळी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं आणि पंचनाम्यातही तेच आलं. तिचे दिवस झाल्यावर त्या घरी पुन्हा ताक घुसळलं जाऊ लागलं, पण आळीतली एकही बाई तांब्या घेऊन गेली नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. शेवटी तिची सासूच चरवी भरून आमच्या दारात आली. "घ्या की वं, लय आंबाय लागलंय," ती म्हणाली. माझ्या सासूबाई भाकरी थापायची सोडून उठल्या, पिठाच्या हातांनीच तिच्याकडून चरवी घेतली आणि अंगणात पालथी केली. "त्या पोरीचं डाग रोज दिसत व्हतं आमास्नी," त्या म्हणाल्या, "तरी ताक घिऊन गप घरला येत व्हतो. आता कसं प्यावं गं?" शेजारीण रिकामी चरवी उचलून गेली. ताक मातीत जिरेपर्यंत सासूबाई तिथंच उभ्या होत्या. आज मी त्यांच्या वयाची झाले. एवढा राग त्या आळीत होता, आणि त्या पोरीला तो कधी दिसलाच नाही.