उजवी पाकळी

सखारामला ‘स्पष्टवक्ता’ म्हणायचा हक्क तुम्हाला नाही.

आज सकाळी तो गेला. दुपारी देवस्थानच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला. ‘स्पष्टवक्ता, निष्ठावान सेवक हरपला.’ खाली हात जोडलेल्यांची रांग.

जिवंत होता तेव्हा याच तोंडांनी त्याला ‘फाटक्या तोंडाचो’ म्हटलं होतं.

सखाराम आमच्या गावच्या देवळाचा गुरव. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून कौल घेणं हे त्याचं काम. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

माझ्या मुलीच्या स्थळाचा कौल मागायला गेलो, तर म्हणाला,
“चेडवाक विचारलंय?”
“तिला काय विचारायचं?”
“मगे देवाक कित्याक त्रास दितय?”

घरी येऊन विचारलं. तिला ते स्थळ नकोच होतं.

मग देवाचा डोंगर रिसॉर्टला द्यायची गोष्ट निघाली. आमच्या पेडण्यात हल्ली डोंगर बघितला की कोणाला तरी रिसॉर्ट दिसतं.

कौलाला सगळा गाव जमला. अध्यक्ष सखारामच्या कानाशी वाकले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही.

सखारामने देवापुढे गाऱ्हाणं सुरू केलं. त्याच्या प्रत्येक वाक्याला गावाने होकार भरायचा, ही रीत.

“बा देवा म्हाराजा! तुज्या डोंगराचो कौल घेवक आज गाव जमलो हा!”
“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“अध्यक्षान माज्या कानात सांगला, उजवी पाकळी मात्शी सैल लाय!”
“व्हय म्हाराजा!” सवयीने सगळे ओरडले.

मग कळलं, आपण कशाला होकार दिला. बायकांच्या बाजूने हसू फुटलं.

कौल तिथेच राहिला. डोंगर वाचला.

सखाराम नाही वाचला. त्याची सेवा काढून घेतली. कारण दिलं, ‘तब्येत बरी नसते.’

मी मीटिंगमध्ये विचारलं, “कोणाची तब्येत?”
“नंतर बोलूया,” अध्यक्ष म्हणाले.

ते नंतर कधी आलंच नाही. धडधाकट माणूस रोज आरतीला बाहेर, दीपस्तंभापाशी उभा राहायचा. आत बोलवा असं कधी म्हणाला नाही. देवावर रागावला नाही. तुमच्यावरही नाही.

मी मात्र रागावलोय.

खरं बोलणारा समोर असताना नकोसा, फोटोत गेला की लगेच भूषण?

ऐकतोय, पुन्हा त्याच डोंगराचा कौल लागणार आहे. लावा. पाकळी कशी लावताय ते बघायला मी अगदी पुढे उभा असेन. आणि दिसेल ते मोठ्याने सांगेन.

जा, सखाराम. आता दीपस्तंभापाशी थांबू नकोस, सरळ आत जा.

या वेळी समजून उमजून म्हणतो...

व्हय म्हाराजा.