फेरीबोटीवर स्लो लावणारे भाऊ

“वायच अर्धो फेरो, बाई. मगे बगा.” असं म्हणत भाऊ शर्टाच्या खिशातून पेनाऐवजी छोटा स्क्रूड्रायव्हर काढायचे आणि भर फेरीबोटीत मोटरसायकलीपाशी उकिडवे बसायचे.

भाऊ आमच्या शाळेतले क्लार्क. शाळा नदीपलीकडच्या बेटावर, मधे पूल नाही. मी तिथेच शिकवते. ते मयेहून गाडीने यायचे, मी नार्व्याची. धक्क्यावर आमची रोज गाठ पडायची.

दर रविवारी ते कार्बोरेटर खोलून जुन्या टूथब्रशने पेट्रोलमध्ये घासत. तो साफ केला की दोन स्क्रू पुन्हा जमवावे लागतात, एक हवेचा आणि एक स्लोचा. ते नीट लागले तर अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली तरी गाडी जागच्या जागी शांत चालू राहते. भाऊंचे कधीच लागायचे नाहीत. फेरीच्या इंजिनाच्या धडधडीत त्यांना आपल्या गाडीचा आवाजच ऐकू येत नसे. पलीकडे उतरलो की एक तर गाडी किंचाळायची, नाहीतर चढावरच बंद पडायची, आणि मागचा पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत राहायचा.

“भाऊ, घरी का नाही लावत?”

“घरात इंजिन थंड. स्लो गरम इंजिनारच लावचो लागता.”

“मग शाळेत लावा.”

“थंय हेडमास्तर तापतत.”

गाडी बंद पडू नये म्हणून ते मूठ पिळत पिळतच बोलायचे. एका पालकाने तक्रार केली, की दाखल्याचं विचारलं तर क्लार्क अंगावर गाडी गुरगुरवतात. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. “सर, मी फकत ‘उद्या येवा’ म्हटलंय,” भाऊ म्हणाले. “बाकीचा गाडी बोल्ली.”

एका सकाळी भर नदीत फेरीच्या पंख्यात वाहून आलेलं जाळं अडकलं. चालकाने इंजिन बंद केलं. ओहोटी होती. फेरी आडवी होऊन हळूहळू प्रवाहाबरोबर वाहत जाऊ लागली. एक मासेवाली सप्तकोटेश्वराला हाका मारू लागली. मी लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते बघत होते.

भाऊंनी किक मारली आणि खाली बसले. “आज आवाज नाय. वायच गप रवात.”

लोक खरंच गप्प झाले. भाऊंनी स्क्रू हलकेच आत घेतला, पुन्हा बाहेर काढला.

“आता वाढलो,” मासेवाली म्हणाली.

“कमी करा थोडा,” बँकेतले एक जण म्हणाले.

पोदेराने वाकून कान दिला. “हां. हंयच ठेय.”

गाडी एकसारखी चालायला लागली. तोवर खलाशांनी कोयत्याने जाळं कापलं, फेरी सुरू झाली, आणि तेव्हा कुठे लोकांना आपण घाबरलो होतो ते आठवलं. मासेवालीने भाऊंना दोन बांगडे दिले.

पलीकडे उतरल्यावर मात्र भाऊंना गाडीवर बसता येईना. गाडी स्टँडला लावून ते धक्क्यावरच टेकले.

“माका पोवूक येत नाय, बाई,” ते खाली बघत म्हणाले. “इतकी वर्षां ह्या पाण्यार येतंय, रोज भीतंय. हातात कायतरी काम असला की पलीकडे पोचतंय.”

त्यानंतर गाडी झकास चालू लागली आणि भाऊंचे हाल सुरू झाले. स्क्रूला हात लावायचं कारणच उरलं नाही. सगळ्यांनी मिळून लावलेला स्लो मोडवेना, म्हणून त्या रविवारी कार्बोरेटरही खोलला नाही. रोज कठडा धरून, डोळे मिटून उभे राहायचे. आठवडाभर मी ते पाहिलं.

शेवटी म्हटलं, “भाऊ, स्लो जरा जास्त वाटतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं.

“माकाय तसाच वाटता,” ते म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

पलीकडे गाडी बंद पडली. चढावर मीच ती मागून ढकलली.

भाऊ आता निवृत्त झालेत. यंदाच्या स्नेहसंमेलनाला मी त्यांना फोन करून बोलावलं. गाडी विकून टाकलेली, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून ते बसने धक्क्यापर्यंत आले. फेरी लागली, माणसं चढली, भाऊ जागचे हलले नाहीत.

“तुमी जावा, बाई,” ते म्हणाले.

मी फेरीतून मागे बघत राहिले. आम्ही पलीकडे टेकेपर्यंत भाऊ धक्क्याच्या टोकाशी, पाण्याकडे तोंड करून उभे होते.