आप्पांच्या आजोबांचं पदक

दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी मी भर उन्हात बर दुबईत पार्किंग शोधत गोल गोल फिरत होते. कशासाठी? तर सासऱ्यांच्या आजोबांचं पदक फ्रेम करायला...

सासरे म्हणजे आप्पा. वय सत्याहत्तर, दोन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे शारजाला आलेत. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या फौजेबरोबर दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर गेले, तिथे पराक्रम गाजवला, म्हणून राणीने चांदीचं पदक दिलं... ही गोष्ट मी सोळा वर्षं ऐकतेय. दर वेळी त्यात शत्रूचे दोन घोडेस्वार वाढतात.

गोष्टीला माझी ना नाही हो. पण तिला एक शेपूट आहे. "आपण लढवय्ये. आपल्यात पुरुष चुलीपुढे जात नाही." आप्पा पाण्याचा ग्लाससुद्धा बसल्या जागी मागतात. आणि एरवी सकाळचा चहा, लेकीचा म्हणजे इराचा डबा सगळं करणारा माझा नवरा नितीन, वडील आल्यापासून एकदम सरदार झालाय!

मी ऑफिस सुटल्यावर दुबई-शारजाच्या जाममध्ये दीड तास काढून घरी पोचते. बघते तर बापलेक सोफ्यावर, आणि प्रश्न काय, तर "आज जेवायला काय?" तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यात आमच्या मराठी ग्रुपचा दसऱ्याचा कार्यक्रम आला. आप्पांनी स्वतःच जाहीर केलं, की मी पदक दाखवून दहा मिनिटं बोलणार. मग त्याला फ्रेम हवी. मग आप्पांना घेऊन जायला ड्रायव्हर कोण? मीच.

पदक म्हणाल तर नुसता हळदीकुंकवाचा गोळा. घरात दर खंडेनवमीला शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा होते, आणि ते कधीही धुवायचं नाही असा दंडक आहे. धुतलं तर पराक्रम उतरतो म्हणे! इतक्या वर्षांच्या थरांखाली कडेला काही लिहिलंय, हेही कुणाला माहीत नव्हतं.

मीना बाजारातले फ्रेमवाले चाचा पेशावरचे, जुनी नाणीही विकतात. त्यांनी पदक तळहातावर तोललं आणि म्हणाले, "ये चाँदी नहीं है साहब, काँसा है." आप्पा लालबुंद. ते काही बोलायच्या आत चाचांनी पदक कोमट पाण्यात टाकून ब्रशने कड घासायला घेतली. आप्पा "अरे, अरे" करेपर्यंत खलास... वाटीभर पाणी लाल झालं.

बरोबर आलेली माझी बारा वर्षांची इरा डोकावून कडेवरची अक्षरं वाचायला लागली. नाव आप्पांच्या आजोबांचंच होतं. नावाच्या अलीकडे त्यांचा हुद्दा होता.

"आजोबा, इट सेज कुक."

चाचा शांतपणे म्हणाले, "उस लड़ाई में सिपाही को चाँदी का मिलता था. जो हिंदुस्तानी नौकर साथ गए, बावर्ची, भिश्ती, उनको काँसे का."

खरं सांगते, मला आतून उकळ्या फुटल्या. लढवय्यांचं घराणं म्हणे! आप्पांना काय काय सुनवायचं त्याची मी मनातल्या मनात उजळणीच सुरू केली. मग त्यांच्याकडे पाहिलं. ओलं पदक रुमालात धरून ते दुकानाच्या स्टुलावर बसले होते, आणि एकदम खूप म्हातारे दिसत होते.

घरी आल्यावर आप्पा न जेवता खोलीत गेले. कार्यक्रमाला ‘नाही’ म्हणून कळवून टाकू का, असं नितीन हळूच विचारत होता. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचाही राग येत होता...

रविवारी सकाळी भाकरीच्या वासाने जाग आली. ओट्यापुढे बनियनवर आप्पा! भाकरी गोल, पातळ, टम्म फुगलेली. मला तशी आजही जमत नाही. वरून पाणी फिरवायची सफाई बघूनच कळलं, की हा हात आजचा नाही.

"हे कधी शिकलात?"

"तुझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या ना. दुसऱ्याच्या हातची भाकरी त्यांना जायची नाही."

आणि आम्हाला फोनवर सांगायचे, शेजारच्या काकू डबा देतात! गल्लीत कळू नये म्हणून हा माणूस दोन वर्षं दार लावून रांधत होता. रडू की लाटणं फेकू, तेच मला कळेना. मग इथे रोज मी थकून येऊन लाटत होते त्या पोळ्यांचं काय, आप्पा? विचारलंच मी.

मान खाली घालून म्हणाले, "लाज वाटायची गं."

दसऱ्याला आप्पा बोलले. दहा नाही, दोनच मिनिटं. "माझे आजोबा लढाईत स्वयंपाकी होते. त्यांनी खायला घातलं म्हणून पलटण लढली." मग जरा खालच्या आवाजात, "मलाही येतो स्वयंपाक." बायकांच्या बाजूने ज्या टाळ्या पडल्या... नितीन मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

पदक आता हॉलमध्ये नाही, ओट्याच्या वर लावायचंय. आप्पांचाच हुकूम. नितीनला खिळा ठोकायला सांगून चार दिवस झाले, रोज "इन्शाल्ला" म्हणतोय.

शंभरहून जास्त वर्षं घरात त्या पदकाला कुंकू लावलं, आणि त्या कुंकवाखाली त्या माणसाचं कामच झाकून टाकलं. या लढवय्यांना काय म्हणावं!

काल जाममधून घरी आले तर माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं. बरंच काही बोलायचं ठरवून आले होते... हात धुतले आणि जेवायला बसले. भाकरी गरम होती.