‘तू’ नहीं, ‘आप’

मराठी माणूस हिंदीत कुणाला मान द्यायला गेला, की हमखास अपमान करून बसतो. आपलं ‘तुम्ही’ तोंडातून ‘तुम’ होऊन बाहेर पडतं, आणि लखनौत तर शेंबड्या पोरालाही ‘आप’ म्हणतात. इथल्या कॉलेजात पहिल्या वर्षी मी सरांना ‘तुम’ म्हणाले. वर्ग हसला, मी सुधारले. आई नाही सुधारली.

बाबा लखनौजवळच्या बख्शी का तालाब गावी हवाई दलाच्या मेसमध्ये आचारी. आई माझ्याच कॉलेजात ठेकेदाराकडून झाडू मारते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. सफाईच्या बायकांनी पगारवाढीसाठी गेटवर धरणं धरलं, आमच्या विद्यार्थी संघटनेनं पाठिंबा दिला, तेव्हा मला कोण अभिमान वाटला!

संघटनेच्या नेत्याला आम्ही भैया म्हणायचो. तो आईला म्हणाला, “अम्मा, तू आगे बैठ, फोटो में आएगी.”

“तुम भी बैठो ना, बेटा,” आई म्हणाली.

“अरे अम्मा, लखनऊ में ‘आप’ बोलते हैं, आप!”

सगळे हसले. आईसुद्धा. मला हसता येईना.

मी त्याला बाजूला घेतलं. “भैया, आज ये भी बोलें? कि इनको ‘तू’ कहना बंद हो?”

“यार, ‘आप’ से पेट भरता है क्या? पहले रोटी. जात-वात बाद में, वरना एकता टूटेगी.”

पगाराचं त्याचं खोटं नव्हतं. तो वाढायला हवा, हे आमच्या घराइतकं कुणाला कळणार? पण पोट आईचं आणि कानही आईचेच. त्यातलं आधी कोणतं, हे ठरवणारा तो कोण?

घोषणा द्यायला माइक माझ्याकडे आला. “पगार बढ़ाओ!” बायका ओरडल्या, “बढ़ाओ!” मग मी डोळे मिटून म्हणाले, “‘तू’ नहीं, ‘आप’ कहो!”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. भैयानं माइकसाठी हात पुढे केला.

तेवढ्यात आई मराठीतच म्हणाली, “परत म्हण की गं. नीट ऐकू नाही आलं.”

मी परत म्हणाले. या वेळी बायकांचा आवाज माझ्याहून मोठा होता.

त्यानंतर भैयानं मला माइक दिला नाही. दुसऱ्या दिवशी मी आईशेजारी सतरंजीवर बसले आणि माइकशिवायच ओरडले.